‘द डॅनिश गर्ल’ : लिली, गेर्डा आणि एक रद्दबातल लग्न

‘द डॅनिश गर्ल’ या इंग्रजी चित्रपटाविषयी मराठीत चार ओळी लिहावयास घेतल्या की पहिली अडचण उभी राहते ती व्याकरणाची. इंग्रजीत माणूस आला काय आणि गेला काय, क्रियापदाला त्याचे सोयरसुतक नसते. मराठीत मात्र ‘आला’ की ‘आली’, ‘हसला’ की ‘हसली’ हे ठरविल्यावाचून वाक्य पुढे सरकत नाही. आणि या चित्रपटात तर प्रश्न नेमका तोच आहे. आरंभी जो आयनार वेगनर या नावाचा, निसर्गचित्रांसाठी वाखाणलेला चित्रकार म्हणून आपल्यासमोर येतो, ती व्यक्ती शेवटी लिली एल्बे या नावाची स्त्री म्हणून डोळे मिटते. म्हणून प्रस्तुत लेखापुरती एक सोय केली आहे. जग ज्याला आयनार म्हणून ओळखते तेथे ‘तो’, आणि लिली स्वतःला लिली म्हणू लागते तेथून ‘ती’. ही केवळ लिहिण्याची सोय आहे. खुद्द लिलीला विचारले असते तर आपण अगदी पहिल्यापासून होतोच, असे तिने सांगितले असते.

चित्रपट २०१५ सालचा. ‘द किंग्ज स्पीच’मुळे आपल्याकडील रसिकांना परिचित झालेले टॉम हूपर हे त्याचे दिग्दर्शक. आयनार आणि लिली ही एकच दुहेरी भूमिका एडी रेडमेन या इंग्रज नटाने केली असून आयनारची पत्नी गेर्डा हिची भूमिका अलिसिया विकान्डर या स्वीडिश अभिनेत्रीने केली आहे. विकान्डरला या भूमिकेबद्दल २०१६ मध्ये सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. जिच्या चेहऱ्यावरून आपण निम्म्याहून अधिक चित्रपट वाचतो तिला ‘सहायक’ म्हणावे हे नवलच. पण पारितोषिकांचे हिशेब निराळे असतात. पटकथेला आधार आहे तो डेव्हिड एबरशॉफ यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या याच नावाच्या कादंबरीचा. कादंबरीकाराने पत्नीला ग्रेटा हे नाव देऊन चक्क कॅलिफोर्नियाची अमेरिकन मुलगी केले आहे. त्यामुळे कादंबरीत ‘डॅनिश मुलगी’ एकच, ती म्हणजे लिली. चित्रपटात पत्नी पुन्हा डेन्मार्कची झाली आणि शीर्षकाला आपोआपच दोन धनिणी मिळाल्या. मला वाटते, या चित्रपटाचे बळ आणि त्याची दुखरी जागा ही दोन्ही या योगायोगातच दडलेली आहेत. ही जितकी लिलीची कथा आहे तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, ती गेर्डाच्या लग्नाची कथा आहे.

कथानक थोडक्यात असे. साल १९२६, गाव कोपनहेगन. आयनार आणि गेर्डा दोघेही चित्रकार. आयनार आपल्या बालपणीच्या गावचा, वाइलेचा, तोच तो पाणथळ मुलूख आणि तीच ती निष्पर्ण झाडे पुनःपुन्हा रंगवितो आणि त्याची चित्रे विकली जातात. गेर्डा व्यक्तिचित्रे काढते आणि तिची चित्रे परत येतात. हात चांगला आहे, पण योग्य विषय सापडलेला नाही, असे चित्रविक्रेता तिला ऐकवितो. घरात प्रेम आहे, थट्टामस्करी आहे, मूल व्हावे ही इच्छा आहे. एके दिवशी एका नर्तिकेचे चित्र पुरे करायचे असते आणि ती नर्तिका, उला, वेळेवर येत नाही. तेव्हा गेर्डा नवऱ्यालाच विनविते : हे लांब रेशमी मोजे चढव, हे बूट घाल, हा झगा अंगाशी धरून जरा बस. तो कुरकुरत बसतो. मग त्याची बोटे त्या कापडावरून फिरतात आणि कॅमेरा त्या बोटांवर थांबतो. तेवढ्यात उला येते, हसते, हातातील लिलीच्या फुलांचा गुच्छ त्याच्या कुशीत टाकते आणि बारसे करून मोकळी होते. आपल्याकडे लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवऱ्या मुलीचे नवे नाव लिहिण्याची रीत आहे. येथे लग्नानंतर कित्येक वर्षांनी नवऱ्याला नवे नाव मिळते, आणि तेही बायकोच्या चित्रशाळेत, थट्टेथट्टेत.

या प्रसंगाचा अर्थ अनेकांनी उलटा लावला आहे. मोजे घातले म्हणून आयनारची लिली झाली, असा तो लावला जातो. मराठी प्रेक्षकाच्या मनात तर येथे बालगंधर्वांची मूर्ती उभी राहणे अगदी स्वाभाविक आहे. पण बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू ही नाट्यगृहाचा पडदा पडला की संपत असे. शालू, दागिने उतरले की नारायणराव आपल्या घरी जात. स्त्रीचे रूप हा त्यांच्या कलेचा विषय होता. आयनारच्या बाबतीत झगा उतरविल्यावरच खरे संकट सुरू होते. उतरविल्यानंतर जे उरते ते त्याला परके वाटू लागते. चित्रपटात एक प्रसंग आहे : नृत्यशाळेच्या कपडेपटात शिरून तो आरशासमोर विवस्त्र उभा राहतो आणि स्वतःच्या शरीराकडे, दुसऱ्याच कुणाच्या तरी सामानाकडे पाहावे तसा पाहतो. रेडमेनचा अभिनय एरवी किंचित नटवा वाटतो. मान कलती करणे, पापण्या खाली घेणे, ओठ थरथरविणे यांचा सोस फार आहे. परंतु या एका प्रसंगात तो सोस नाही. कपड्यांनी निमित्त दिले, कारण नव्हे, हे तेथे कळते.

येथे दोन-तीन शब्दांचा उलगडा करणे आवश्यक वाटते, कारण वर्गावर्गांतून आणि चहाच्या टेबलावर या शब्दांची फार गल्लत होते. जन्मतः शरीरावरून सांगितले जाते ते लिंग. आपण स्त्री आहोत की पुरुष, की या दोहोंत न मावणारे कुणी, ही जी आतली जाणीव, ती लिंगभावाची ओळख. बहुतेकांच्या बाबतीत ही दोन्ही एकमेकांना धरून असतात आणि म्हणून ती दोन आहेत हेही त्यांना कधी जाणवत नाही, जसे दुखत नसलेल्या दाताचे अस्तित्व जाणवत नाही. ज्यांच्या बाबतीत ती जुळत नाहीत त्यांच्यासाठी आता मराठीत ‘पारलिंगी’ हा शब्द रुळू लागला आहे. ‘तृतीयपंथी’ हा आपला जुना शब्द एका विशिष्ट समाजाच्या जीवनरीतीशी जोडलेला आहे. तो लिलीला लावणे बरोबर होणार नाही. तिला तिसरे कुणी व्हायचे नव्हते. ती स्वतःला स्त्री म्हणत होती. आणि तिसरी गोष्ट, कुणाविषयी आकर्षण वाटते हा प्रश्न या दोहोंहून अगदी वेगळा. चित्रपटाने हा भेद हेन्रिक या पात्राकरवी मोठ्या कौशल्याने दाखविला आहे. कलावंतांच्या मेजवानीत लिलीवर भाळलेला हा तरुण. पुढे जवळीक वाढते, आणि एका क्षणी तो तिला ‘आयनार’ म्हणून हाक मारतो. त्याला पुरुष हवा असतो. झग्याच्या आत तो आहे, अशी त्याची समजूत असते. त्या हाकेने लिली विद्ध होऊन निघून जाते. समलिंगी आणि पारलिंगी यांतील अंतर एवढ्या मोजक्या शब्दांत कुठल्याही पाठ्यपुस्तकात सांगितलेले नसेल.

पण मघाशी म्हटल्याप्रमाणे चित्रपटाचे केंद्र गेर्डा आहे. लिलीला पहिल्यांदा सजविते ती गेर्डा. ओठ रंगविते, चालायला शिकविते, ‘ही आयनारची चुलतबहीण’ अशी ओळख करून देते ती गेर्डाच. तिला तो खेळ वाटतो. त्या खेळातून तिला तिचा तो ‘योग्य विषय’ही सापडतो : लिलीची चित्रे ती झपाटल्यासारखी काढू लागते आणि लोक ती हातोहात घेऊ लागतात. केवढा विचित्र पेच आहे हा! जी स्त्री तिच्या चित्रात रोज अधिक जिवंत होत जाते, तीच तिच्या घरातून तिचा नवरा नाहीसा करीत असते. कुंचला तिच्याच हातात असतो. एका रात्री ती लिलीला सांगते की मला आयनारशी बोलायचे आहे, मला माझा नवरा हवा आहे, त्याला जरा बोलाव. समोर बसलेली व्यक्ती तीच आहे; तेच डोळे, तेच हात. आणि ती व्यक्ती रडत सांगते की ते मला जमणार नाही. विकान्डरने हा प्रसंग ज्या रीतीने वठविला आहे त्याला तोड नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नाही, तिरस्कार नाही. दार ठोठावूनही आतून उत्तर न आल्यावर माणसाचा जसा चेहरा होतो तसा तो आहे. नवरा मेला तर शोक करता येतो, तो सोडून गेला तर त्याला दोष देता येतो. गेर्डाला दोन्ही वाटा बंद आहेत.

मग सुरू होते डॉक्टरांची यात्रा. क्ष-किरणांचा मारा करणारा एक, वेडाचे निदान करणारा दुसरा, कोंडून घालू पाहणारा तिसरा. त्याच्या तावडीतून आयनारला खिडकीवाटे पळावे लागते. पॅरिसच्या बागेत दोन गुंड त्याला मारहाण करतात. हे सारे चित्रपट भराभर उरकतो आणि ते ठीकच आहे. अखेर उलाच्या ओळखीने ड्रेस्डेनचे प्राध्यापक वार्नेक्रोस भेटतात. त्यांच्यासमोर आयनार प्रथमच स्पष्ट सांगतो की आपण आतून स्त्री आहोत अशी आपली खात्री आहे. डॉक्टर काही बोलण्यापूर्वी शेजारी बसलेली गेर्डा म्हणते की तिचीही तशीच खात्री आहे. नवऱ्याला गमावण्याच्या कागदावर पत्नीने आपण होऊन केलेली ही सही. चित्रपटगृहात रुमाल निघतात ते बहुधा शेवटच्या मृत्यूच्या प्रसंगी, पण माझ्या मते चित्रपटाचे शिखर हेच.

आता चित्रपट बाजूला ठेवून खऱ्या घटनांकडे वळू, कारण लिली आणि गेर्डा या काल्पनिक स्त्रिया नव्हेत. आयनार वेगनरचा जन्म १८८२ चा, वाइले येथील. गेर्डा गॉटलीब ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. कोपनहेगनच्या कला अकादमीत दोघांची गाठ पडली आणि १९०४ साली त्यांचे लग्न झाले. १९१२ मध्ये ती पॅरिसला स्थायिक झाली. म्हणजे चित्रपट ज्या वर्षी कोपनहेगनमध्ये सुरू होतो त्या वर्षी प्रत्यक्षात या दोघांच्या संसाराला बावीस वर्षे झाली होती आणि पॅरिसमध्ये राहून चौदा! लिलीही एका रात्रीत अवतरली नव्हती. गेर्डाच्या चित्रांतून आणि पॅरिसच्या मेजवान्यांतून ती कित्येक वर्षे वावरत होती. चित्रपटाने ही सारी वर्षे चार-पाच वर्षांत आवळून बांधली. नाट्य वाढले खरे, पण एक गोष्ट हरवली : इतकी वर्षे या दोघींनी, कुणाच्याही परवानगीवाचून, आपापसांत एक तोल सांभाळला होता. तो तोल कसा होता, सकाळी कोण उठत असे आणि संध्याकाळी कोण, हे पाहायला मला अधिक आवडले असते.

१९३० मध्ये शस्त्रक्रिया सुरू झाल्या. पहिली बर्लिनमध्ये, मॅग्नस हिर्शफेल्ड यांच्या देखरेखीखाली. लैंगिकतेच्या शास्त्रीय अभ्यासासाठी त्यांनी बर्लिनमध्ये स्थापन केलेली संस्था त्या काळी जगप्रसिद्ध होती. (१९३३ च्या मे महिन्यात नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि तिच्या ग्रंथालयातील पुस्तकांची भर चौकात होळी केली.) पुढील शस्त्रक्रिया ड्रेस्डेनला वार्नेक्रोस यांनी केल्या. त्या शहरातून वाहणाऱ्या एल्बे नदीवरून लिलीचे ‘एल्बे’ हे आडनाव जगात रूढ झाले.

आणि आता लग्नाचा मुद्दा. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये डेन्मार्कचा राजा दहावा ख्रिश्चन याच्या हुकमाने आयनार आणि गेर्डा यांचे लग्न रद्दबातल ठरविण्यात आले. येथे ‘रद्दबातल’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. घटस्फोट म्हणजे लग्न झाले होते, ते मोडले. रद्दबातल म्हणजे ते कायद्याच्या दृष्टीने झालेलेच नव्हते. सव्वीस वर्षांचा संसार, दोन देशांतील बिऱ्हाडे, एकमेकांच्या शेजारी लावलेल्या चित्रफळ्या, हे सारे कायद्याच्या लेखी घडलेच नाही! यात कुणाचा दुष्टावा होता असे म्हणता येत नाही. उलट दोघींना मोकळे करण्याचा हाच मार्ग त्या काळच्या कायद्यापाशी होता. लग्न पुरुष आणि स्त्री यांचेच असते. लिली स्त्री आहे हे मान्य केले, तिला स्त्रीच्या नावाची कागदपत्रे दिली, की तिचे लग्न दुसऱ्या स्त्रीशी झालेले असणे शक्यच नाही. एका हाताने ओळख दिली ती दुसऱ्या हाताने भूतकाळ काढून घेऊनच. चित्रपटाने या हुकमाला महत्त्व दिलेले नाही. त्याऐवजी एक छोटासा संवाद आहे. आपले लग्न होऊन अशी किती वर्षे लोटली, अशा अर्थाचे काही गेर्डा म्हणते; त्यावर लिली सांगते की लग्न झाले होते ते तुझे आणि आयनारचे. राजाने जे एका हुकमात केले तेच लिली एका वाक्यात करते. प्रेक्षकाला लिलीचा राग येतो तो येथे. पण विचार केला तर कळते की तिच्यापाशी तरी दुसरे कोणते वाक्य होते? ‘मी तुझा नवरा होते’ हे वाक्य कोणत्या भाषेत नीट बसते? मराठीत तर ते लिहितानाच लेखणी अडखळते.

त्याच डेन्मार्कने १९८९ साली समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीला जगात प्रथम कायद्याची मान्यता दिली, २०१२ मध्ये त्यांच्या विवाहाला दिली, आणि २०१४ पासून प्रौढ व्यक्तीला वैद्यकीय तपासणीवाचून, स्वतःच्या अर्जावर, कागदोपत्री लिंगनोंद बदलता येऊ लागली. त्या कायद्यांखाली वेगनर दांपत्याचे लग्न कुणाला रद्द करावे लागले नसते. टिकविणे न टिकविणे त्यांचे त्यांनी पाहिले असते.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे मात्र नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात माणसाची लिंगभावाची ओळख ठरविण्याचा अधिकार त्या माणसाचाच आहे असे मान्य केले. मग ओघानेच लग्नाचा प्रश्न आला. तमिळनाडूत एक तरुण आणि एक पारलिंगी स्त्री यांनी देवळात लग्न केले. नोंदणी कार्यालयाने ते नोंदवून घेण्यास नकार दिला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातील ‘वधू’ या शब्दात ही स्त्री बसत नाही, असा आक्षेप होता. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तो फेटाळला आणि ‘वधू’ या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो असा निर्णय दिला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली. मात्र पारलिंगी स्त्री आणि पुरुष, किंवा पारलिंगी पुरुष आणि स्त्री, यांना प्रचलित कायद्यांनुसार विवाह करता येईल, असेही त्याच निकालात सांगितले. लिलीला दुसरे लग्न करायचे असते तर मद्रासचा निकाल तिच्या कामी आला असता. परंतु आधीच झालेल्या लग्नातील एका जोडीदाराची ओळख बदलली तर त्या लग्नाचे काय, हा जो गेर्डाचा प्रश्न, तो या निकालांपुढे नव्हताच.

आणि लिलीला दुसरे लग्न खरोखरच करायचे होते. पॅरिसपासून ओळखीच्या एका फ्रेंच गृहस्थाशी. शिवाय तिला आई व्हायचे होते. १९३१ मधील अखेरच्या शस्त्रक्रियेत गर्भाशय बसविण्याचा प्रयत्न झाला तो या आशेपोटी. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. परका अवयव शरीर सहजी स्वीकारीत नाही. ती नकार देण्याची प्रवृत्ती रोखणारी औषधे तेव्हा नव्हती. पेनिसिलिनचा शोध १९२८ मध्ये लागला असला तरी ते रुग्णांपर्यंत पोहोचायला चाळीसचे दशक उजाडावे लागले. जंतुसंसर्ग झाला आणि १३ सप्टेंबर १९३१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लिली ड्रेस्डेनमध्ये वारली. प्रत्यारोपित गर्भाशयातून जगातील पहिले मूल जन्मले ते २०१४ साली, स्वीडनमध्ये. आणि भारतातील पहिली अशी शस्त्रक्रिया झाली ती २०१७ च्या मे महिन्यात, आपल्या पुण्यात. अर्थात या शस्त्रक्रिया जन्मतः गर्भाशय नसलेल्या किंवा ते गमावलेल्या स्त्रियांसाठी होत्या. तरीही, लिलीच्या डॉक्टरांनी जे धाडस केले ते विज्ञानाच्या किती पुढे धावत होते, हे या सालांवरून ध्यानात यावे. चित्रपटात दोनच शस्त्रक्रिया दिसतात आणि दुसरीनंतर लगेचच, बागेतील खुर्चीत, गेर्डाचा हात हातात असताना लिली प्राण सोडते. जाण्यापूर्वी ती आपले स्वप्न सांगते : आपण तान्हे मूल होतो आणि आईने आपल्याला लिली म्हणून हाक मारली.

प्रत्यक्षात गेर्डा तेथे नव्हती. लग्न रद्द झाल्यानंतर तिने १९३१ मध्येच फर्नांडो पोर्ता या इटालियन अधिकाऱ्याशी विवाह केला आणि ती त्याच्याबरोबर मोरोक्कोत राहू लागली. चित्रपटाने हा अधिकारी गाळला. त्याच्या जागी आयनारचा बालमित्र हान्स हे काल्पनिक पात्र आणले, आणि गेर्डाला अखेरपर्यंत उशाशी बसविले. कलावंताला असे स्वातंत्र्य असते हे मान्य. पण हा बदल साधासुधा नाही. गेर्डा उशाशी बसली की ती आपल्या ओळखीची होते. सावित्रीच्या जातकुळीची, सोशीक, सारे देऊन टाकणारी पत्नी. मग प्रेक्षक तिच्यासाठी रडतो आणि लिली ही त्या पत्नीच्या त्यागाला कारण ठरलेली, थोडीशी स्वार्थी व्यक्ती उरते. खरी गेर्डा याहून कितीतरी गुंतागुंतीची होती. १९०७ साली तिने काढलेले एक व्यक्तिचित्र प्रदर्शनांनी नाकारले आणि त्यावरून डेन्मार्कच्या वृत्तपत्रांत मोठे वादळ उठले. तेव्हा ती अवघी विशी ओलांडलेली होती. पॅरिसमध्ये ‘व्होग’सारख्या नियतकालिकांसाठी तिने चित्रे काढली, १९२५ च्या पॅरिसमधील जागतिक प्रदर्शनात पदके मिळविली. स्त्रियांच्या परस्परांवरील प्रेमाची चित्रेही तिने मोकळेपणाने रंगविली. अशा स्त्रीला लिलीच्या येण्याने केवळ दुःखच झाले असेल, हे पटत नाही. तिच्या चित्रांतील लिली पाहा : मोठे डोळे, लांब मान, हातात पंखा किंवा पत्ते. त्या चित्रांत शोक कुठेच नाही, मौज आहे.

चित्रपटावर आणखी एक आक्षेप घेतला गेला, तो पारलिंगी व्यक्तीची भूमिका पुरुष नटाने करण्याबद्दल. पुढे २०२१ मध्ये खुद्द रेडमेननेच सांगितले की आज ती भूमिका आपण स्वीकारली नसती. या वादात दोन्ही बाजूंना म्हणण्यासारखे आहे. मात्र माझा स्वतःचा आक्षेप वेगळा आहे. हा चित्रपट फार देखणा आहे. भिंतींचे ते करडे-निळे रंग, ती बंदरावरची घरे, ते रेशीम, ते आलेक्सांद्र देप्ला यांचे संगीत. वेदनासुद्धा चौकटीत बसवून टांगल्यासारखी दिसते. वार्नेक्रोसच्या रुग्णालयात रक्ताचा एक थेंबही बेशिस्तीने सांडत नाही. तरीही तो पाहावा, असे मी आग्रहाने म्हणेन. आणि पाहून झाल्यावर गेर्डाने काढलेली लिलीची चित्रे शोधून पाहावीत. चित्रपटाने जे सौम्य केले ते त्या चित्रांत आजही धीट आहे.

गेर्डाचे ते दुसरे लग्नही टिकले नाही. १९३६ मध्ये ती त्यातून मोकळी झाली आणि डेन्मार्कला परतली. तोवर तिची शैली जुनी ठरली होती. हाताने रंगविलेली पत्रे विकून तिने दिवस काढले आणि जुलै १९४० मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, ती वारली. तिच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन डेन्मार्कच्या आर्केन संग्रहालयात भरले ते २०१५ मध्ये, म्हणजे हा चित्रपट आला त्याच वर्षी. ड्रेस्डेनच्या दफनभूमीतील लिलीची कबर मध्यंतरी नाहीशी झाली होती. २०१६ मध्ये चित्रपटाच्या निर्मात्यांच्या खर्चाने तेथे नवा दगड बसविण्यात आला. त्यावर नाव आहे लिली एल्बे.